खेड तालुक्यातली तिसरीपर्यंत शिकलेली मुलगी राजगीरला गेली आणि तिथं वीरायतन उभं राहिलं

पुणे-नाशिक हायवेनं राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असं जात राहिलं की बाजाराच्या गावांत एक गोष्ट हमखास दिसते. किराणा, कापड नाहीतर सराफी दुकानाच्या पाटीवर मारवाडी आडनाव, आणि आतल्या आळीत एखादं जैन स्थानक. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत सकाळी लवकर निघालात तर रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालणाऱ्या, पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वीही दिसतात. त्यांच्या या चालण्याला विहार म्हणतात. गाडी नाही, बैलगाडी नाही, सायकलही नाही. दीक्षा घेतल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत पायीच.

याच पट्ट्यातल्या एका मुलीनं लहानपणी दीक्षा घेतली, चालत चालत थेट बिहार गाठलं आणि तिथं एक दवाखाना, शाळा आणि साध्वींचा संघ उभा केला. पुढं याच कामासाठी त्यांनी न चालण्याचाही निर्णय घेतला. त्यावरून वाद झाले. त्या संस्थेचं नाव वीरायतन आणि त्या साध्वी म्हणजे आचार्य चंदनाजी.

चास, कमान आणि कटारिया

भीमाशंकरच्या डोंगरात, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या शिवेवर भीमा नदी उगम पावते. ती खाली उतरून खेड तालुक्यातून वाहते तिथं चास आणि कमान ही गावं आहेत. आज लोकांना चासकमान म्हटलं की धरण आठवतं. इतिहासाची आवड असणाऱ्यांना चास आठवतं ते बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाईंचं माहेर म्हणून.

२६ जानेवारी १९३७ रोजी इथल्या कटारिया कुटुंबात एक मुलगी जन्माला आली. नाव ठेवलं शकुंतला. शाळा झाली ती तिसरीपर्यंत. घरात धर्माचं वातावरण होतं, आईच्या वडिलांचा प्रभाव मोठा होता. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शकुंतलेनं साध्वी सुमतिकुंवर यांच्याकडे दीक्षा घेतली आणि ती साध्वी चंदना झाली.

हे नाव जैन घरांत ओळखीचं आहे. भगवान महावीरांनी साध्वींचा संघ ज्यांच्या हाती दिला, त्या चंदनबालेचं हे नाव. कल्पसूत्र सांगतं की महावीरांच्या संघात १४ हजार साधू होते आणि ३६ हजार साध्वी. म्हणजे सुरुवातीपासून बायकांची संख्या पुरुषांच्या अडीचपट. हा आकडा पुढं कामाला येणार आहे.

तिसरी शिकलेल्या या साध्वीनं मग अभ्यासाचा सपाटा लावला. बारा वर्षं मौन पाळून त्यांनी जैन आगमं आणि इतर धर्मांचे ग्रंथ वाचले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डीला आनंदऋषीजींच्या प्रेरणेनं सुरू झालेलं जैन धार्मिक परीक्षा बोर्ड होतं, त्याची परीक्षा दिली. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाची दर्शनाचार्य ही पदवी घेतली, प्रयागची साहित्यरत्न झाल्या, बनारसला जाऊन नव्यन्याय आणि व्याकरण शिकल्या. उत्तराध्ययन सूत्र हे श्वेतांबर परंपरेतलं अत्यंत महत्त्वाचं आगम. त्याचं हिंदी भाषांतर-संपादन त्यांच्या नावावर आहे. आज एखादी मुलगी तिसरीनंतर शाळा सोडते तेव्हा तिचं शिक्षण संपलं असं आपण धरतो. इथं ते तिथून सुरू झालं, आणि सुरू होण्यासाठी घर सोडावं लागलं, हेही खरं.

जिथं जन्म झाला तिथंच जैन उरले नाहीत

आता थोडं भूगोलाकडे वळू. त्याशिवाय बिहारच का, हे कळणार नाही.

जैन धर्माची मूळ भूमी म्हणजे मगध, आजचा दक्षिण बिहार. महावीरांचं निर्वाण पावापुरीला झालं. राजगृह म्हणजे आजचं राजगीर. कल्पसूत्राप्रमाणे महावीरांनी राजगृह आणि शेजारच्या नालंदा परिसरात चौदा चातुर्मास काढले. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांचा जन्मही राजगृहातला मानतात. गावाभोवतीच्या पाचही टेकड्या, विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी, जैनांना पवित्र आहेत.

पण धर्म तिथं राहिला नाही. परंपरा सांगते की मगधात बारा वर्षांचा दुष्काळ पडला आणि भद्रबाहूंच्या मागोमाग साधूंचा मोठा समूह दक्षिणेला गेला. दुसरे प्रवाह मथुरा, उज्जैन, गुजरात, राजस्थानकडे सरकले. व्यापारी जिथं गेले तिथं साधू पोचले आणि साधू जिथं टिकले तिथं देवळं उभी राहिली.

महाराष्ट्रात जैन खूप जुने. मावळातल्या पाले इथल्या गुहेत ब्राह्मी शिलालेख आहे, तो अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो. काही अभ्यासक तो महाराष्ट्रातला सगळ्यात जुना जैन लेख मानतात. कालकाचार्यांनी सातवाहन राजाच्या विनंतीवरून पैठणला संवत्सरीचा दिवस भाद्रपद पंचमीवरून चतुर्थीला आणला, अशी कथा श्वेतांबरांत आजही सांगतात. त्याच सातवाहनांचा जुन्नरशी आणि नाणेघाटाशी घट्ट संबंध. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात अंबा-अंबिका नावाचा लेण्यांचा गट आहे. लेणी मूळची बौद्ध, पण नंतरच्या काळात त्यांत जैन मूर्ती आल्या. नेमिनाथ तीर्थंकरांची शासनदेवी अंबिका, तिच्यावरून गटाला नाव पडलं. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक जवळच्याच या लेण्यांकडे फिरकत नाहीत.

आज मंचर-नारायणगावात दिसणारे बहुतेक जैन मात्र त्या काळातले नाहीत. त्यांचे पूर्वज गेल्या दोन-तीन शतकांत मारवाडातून, गुजरातेतून व्यापारासाठी आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, दुकानात मराठी.

याचा परिणाम जनगणनेत दिसतो. २०११ मध्ये देशात ४४ लाख ५१ हजार जैन होते. त्यातले १४ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. राजस्थानचा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी. आणि महावीरांच्या बिहारात? १८,९१४. दहा कोटींच्या राज्यात एकोणीस हजारांहूनही कमी.

म्हणजे राजगीर-पावापुरीला यात्रेकरू येत, पाच टेकड्या चढत, पूजा करत आणि परत जात. ज्या गावांतून ते जात त्या गावांचा त्यांच्याशी संबंध डोलीवाल्यापुरता, दुकानदारापुरता. चंदनाजींना हेच खटकलं.

तीर्थ म्हणजे देऊळ की माणसं?

इथं एक गंमत आहे. चंदनाजी ज्या परंपरेत वाढल्या ती स्थानकवासी. पंधराव्या शतकात अहमदाबादच्या लोंकाशाहांनी मूर्तिपूजेला विरोध केला, त्यातून पुढं हा पंथ निघाला. स्थानकात मूर्ती नसते. देवळाची यात्रा हा या पंथाचा मुख्य आचार नाही. मग स्थानकवासी घडणीच्या साध्वीनं तीर्थाच्या गावी जाऊन करायचं काय?

उत्तर तीर्थ या शब्दातच आहे. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, जिथून पलीकडे जाता येतं ती जागा. जैन परिभाषेत साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या चौघांच्या संघाला तीर्थ म्हणतात. असा संघ स्थापन करतो तो तीर्थंकर. म्हणजे मूळ अर्थानं तीर्थ म्हणजे आधी माणसं, देऊळ नंतर.

चंदनाजींना साथ मिळाली ती उपाध्याय अमरमुनींची. आग्र्याच्या सन्मती ज्ञानपीठाशी जोडलेले हे स्थानकवासी विद्वान. साधूंनी माइकवर बोलावं की नाही यावरही ज्या काळात वाद होत, त्या काळात नियमांचा हेतू काय हे विचारणारे. १९७४ मध्ये महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं होणार होती. देशभर समारंभांची तयारी चालली होती. त्याच्या तोंडावर, १९७३ मध्ये, राजगीरला वैभारगिरीच्या पायथ्याशी वीरायतन सुरू झालं. वीर म्हणजे महावीर, आयतन म्हणजे स्थान. संस्थेनं तीन शब्द धरले: सेवा, शिक्षा, साधना. क्रमही तोच. साधना शेवटी आहे, हे बघण्यासारखं.

तेव्हा हा भाग म्हणजे झाडी, गरिबी आणि चोरा-लुटारूंची भीती. साध्वींचा मुक्काम म्हणून कोणी निवडावी अशी जागा नव्हे. आजूबाजूच्या खेड्यांत डोळ्यांचे आजार भरपूर, दवाखाना लांब. म्हणून पहिल्या मोठ्या कामांतलं एक ठरलं डोळ्यांचं. नेत्रज्योती सेवा मंदिरम या नावानं दवाखाना उभा राहिला, मोतीबिंदूची ऑपरेशनं सुरू झाली. येणारे पेशंट जैन असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आसपास जैन नव्हतेच.

दुसरं काम जरा वेगळं. श्री ब्राह्मी कला मंदिरम नावाचं संग्रहालय. यात तीर्थंकरांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्या, रंगीत देखावे यांच्या मदतीनं मांडले आहेत. कल्पना आणि मांडणी चंदनाजींची, आणि साध्वींनी स्वतः हातानं केलेलं काम. नाव ब्राह्मीचं, म्हणजे पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या मुलीचं. परंपरेनुसार लिपी शिकलेली पहिली मुलगी ती, आणि ब्राह्मी लिपीचं नाव तिच्यावरून. मूर्तीपुढं हात न जोडणाऱ्या परंपरेतल्या साध्वी बाहुल्यांतून तीर्थंकर सांगतात, यात विसंगती शोधणारे शोधतील. पण अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाला महावीर कोण हे तिथं अर्ध्या तासात कळतं.

वाद नेमका कशाचा होता

बाहेरच्या माणसाला वाटेल, दवाखाना काढला यात वाद कसला? जैन साधुधर्म माहीत असेल तरच हे समजतं.

साधू-साध्वी पाच महाव्रतं घेतात. त्यातलं पहिलं अहिंसा, आणि ती फक्त प्राण्या-माणसांपुरती नाही. माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती या सगळ्यांत जीव आहेत असं मानलं जातं. पाया खणला की मातीतले जीव मेले. चूल पेटवली, नळ सोडला, दिवा लावला, की हिंसा. ती स्वतः करायची नाही, दुसऱ्याकडून करवायची नाही, कोणी केली तर तिला संमतीही द्यायची नाही. म्हणून साधू स्वयंपाक करत नाहीत, घरोघर गोचरी घेतात. म्हणून विजेचा पंखा नाही, आणि म्हणून गाडीही नाही.

मग जैनांचे एवढे दवाखाने, धर्मशाळा, पांजरपोळ उभे कसे राहिले? ते श्रावकांनी बांधले. साधूनं प्रेरणा द्यावी आणि बांधकामाचा हिशेब गृहस्थानं बघावा, अशी वाटणी शतकानुशतकं चालत आली. तेरापंथानं तर भूकंप-दुष्काळात केलेली मदत हे लौकिक काम, मोक्षाच्या मार्गावरचा धर्म वेगळा, असा काटेकोर भेद केला. साधूनं या कामात स्वतः उतरणं म्हणजे व्रत सैल करणं, असं परंपरेचं म्हणणं. ते हटवादी म्हणून सोडून देता येत नाही. अडीच हजार वर्षं एखादा संन्यासी संघ टिकतो तो अशा काटेकोरपणावरच. आज गाडी चालली, उद्या बंगला का नको, हा प्रश्न विचारणारे काही मूर्ख नव्हते.

वीरायतनचं उत्तर दुसऱ्या टोकाकडून यायचं. समोर आंधळा होत चाललेला माणूस आहे, आपल्याला उपाय माहीत आहे, आणि आपण फक्त प्रवचन देऊन पुढं चालत गेलो, तर ती अहिंसा कशी? करुणा नसलेली अहिंसा म्हणजे नुसतं हात आखडून बसणं. चंदनाजी आणि त्यांच्या साध्वींनी दवाखान्याचं, शाळेचं काम स्वतः हातात घेतलं. लांबच्या कामासाठी वाहनं वापरली, विमानानं परदेशीही गेल्या.

या प्रश्नाशी झगडणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. १९७० मध्ये मुनी चित्रभानू जिनिव्हाच्या परिषदेला विमानानं गेले. १९७५ मध्ये आचार्य सुशीलकुमार अमेरिकेला गेले आणि १९८३ मध्ये न्यू जर्सीतल्या ब्लेअर्सटाऊनजवळ त्यांनी सिद्धाचलम स्थापन केलं. भारताबाहेरचं पहिलं जैन तीर्थ म्हणून ते ओळखलं जातं. १९८० मध्ये तेरापंथाच्या आचार्य तुलसींनी मधला मार्ग काढला. साध्वी आणि गृहस्थ यांच्या मधली समणी ही नवी श्रेणी. समणींना वाहनानं प्रवास करता येतो, साध्वींचे नियम मात्र तसेच राहतात.

या सगळ्यांत वीरायतनची गोष्ट वेगळी पडते. सिद्धाचलम जिथं जैन स्थलांतर करून गेले होते तिथं उभं राहिलं, त्यांच्या मुलाबाळांसाठी. वीरायतन उभं राहिलं जिथून जैन निघून गेले होते तिथं, आणि जे जैन नव्हते त्यांच्यासाठी. समणींसारखी वेगळी श्रेणीही चंदनाजींनी काढली नाही. हे करूनही आपण साध्वीच आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं.

२६ जानेवारी १९८७

३६ हजार साध्वींचा आकडा आता परत काढू. संख्या अडीचपट असूनही संघाचं आचार्यपद पुरुषांकडेच राहिलं. जुना नियम असा की शंभर वर्षं दीक्षा झालेल्या साध्वीनंही आज दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करायचं. साध्वींची प्रमुख असे, प्रवर्तिनी असे, पण आचार्य नाही.

१९८७ च्या २६ जानेवारीला, चंदनाजींच्या पन्नासाव्या वाढदिवशी, अमरमुनींनी त्यांना आचार्यपद दिलं. जैन परंपरेत हे पद मिळालेली पहिली साध्वी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सगळ्या संघांनी हे मान्य केलं असं नाही, आणि जैनांत सगळ्या संघांनी मान्य करावं अशी एक गादी नाहीच. पण वीरायतनमध्ये तेव्हापासून त्या आचार्य होत्या आणि १९९२ मध्ये अमरमुनी गेल्यावर सगळा भार त्यांच्यावरच आला.

अनुयायी मात्र पदवीनं कमी, 'ताई माँ' म्हणूनच जास्त हाक मारत. महाराष्ट्रातली ताई आणि हिंदीतली माँ. बिहारात अर्धं आयुष्य काढूनही गावाकडचा तो एक शब्द सोबत राहिला.

कच्छचा भूकंप आणि पुढं

२६ जानेवारी ही तारीख पुन्हा एकदा आली, पण वेगळ्या तऱ्हेनं. २००१ मध्ये त्याच दिवशी सकाळी कच्छ हादरलं. वीरायतनच्या साध्वी तिथं गेल्या. आधी मदत, मग तात्पुरत्या शाळा, आणि त्या तात्पुरत्या राहिल्या नाहीत. भुजजवळ रुद्राणी आणि मांडवी तालुक्यात जखणिया इथं कायमच्या शिक्षणसंस्था झाल्या. जखणियात पुढं इंजिनिअरिंग आणि फार्मसीसारखे अभ्यासक्रमही आले.

बिहारातही काम राजगीरपुरतं राहिलं नाही. पावापुरीला शाळा निघाली. जमुई जिल्ह्यातल्या लछुआडलाही निघाली. श्वेतांबरांच्या मते महावीरांचं जन्मस्थान, क्षत्रियकुंड, याच भागात आहे. गुजरातेत शत्रुंजयाच्या पायथ्याला, पालिताण्यालाही शाळा काढली. यात एक धागा दिसतो. जिथं यात्रेकरू येतात आणि पैसा येतो, पण गावातलं पोर शाळेत जात नाही, अशी ठिकाणं त्यांनी निवडली. पंढरपूर, शिर्डी, त्र्यंबकेश्वर कुठंही गेलेल्या माणसाला हे चित्र नवीन नाही.

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं आचार्य चंदनाजींना पद्मश्री दिली. यादीत नावापुढं लिहिलं होतं, समाजकार्य, बिहार. महाराष्ट्राच्या यादीत नाव नसल्यामुळं इथं फारशी चर्चा झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

राजगीरला जायचं असेल तर

महाराष्ट्रातून गया-बोधगया-नालंदा अशी टूर करणारे बहुतेक जण राजगीरला एक दिवस देतात. रोपवेनं विश्व शांती स्तूप, गृध्रकूट, गरम पाण्याची कुंडं, आणि परत. वीरायतन वैभारगिरीच्या पायथ्याला आहे, त्याच एका दिवसात जमतं. आत बाग, ब्राह्मी कला मंदिरम, राहण्याची आणि जेवणाची सोय. जेवण अर्थातच जैन, कांदा-लसूण विसरून जायचं. पाच टेकड्या पायी करायच्या असतील तर मात्र मुक्काम करावा आणि उन्हाळा टाळावा.

संग्रहालय बघून बाहेर पडताना दवाखान्याच्या बाजूला जरा थांबलात, तर डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी माणसं आणि त्यांना धरून चालवणारे नातेवाईक दिसतील. ते मगहीत बोलत असतात. त्यांच्यातले बहुतेक जण त्या पाच टेकड्यांवर दर्शनाला कधी चढलेले नसतात.